खताच्या ढिगातली सळई

मित्रांनो, माझ्याकडे पाहून आजवर कुणी थबकलेलं नाही, आणि मला त्याचं काही वाटतही नाही. मी आहे एक जुनी लोखंडी सळई. उभी केली तर माणसाच्या छातीला लागेल एवढी लांब, अंगठ्याएवढी जाड, एका टोकाला वाकवलेली आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. माझं बहुतेक आयुष्य खताच्या ढिगात गेलं. लगेच नाकं मुरडू नका. मला नाकच नाही, त्यामुळे या कामाला माझ्याइतकं लायक कुणी मिळालंही नसतं.

माझा जन्म कारखान्यातला. तापवलं, लाटलं, लांबवलं आणि बहिणींबरोबर मोळी बांधून एका इमारतीच्या कामावर पाठवलं. बहिणी खांबांत गेल्या. आज त्यांच्या जिवावर मोठाली कुटुंबं वर सुखाने झोपतात. मी उरले. उरलेल्या वस्तूचं जे होतं तेच माझं झालं. हातोहात फिरत मी एका घरी आले आणि कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लागले. कोंबड्या मला टोचायच्या. टोचोत बापड्या!

त्या घरात चार माणसं. एक म्हातारी आई आणि तिचे दोन मुलगे. थोरला शिंपी होता, लग्नाच्या भानगडीत न पडलेला आणि दिलेल्या शब्दाला जागणारा. धाकटा बेकरीत भट्टीवर कामाला होता. चौथी धाकट्याची बायको. तिला घरात सगळे सूनबाईच म्हणायचे.

घरामागे शेताचा एक तुकडा होता. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी त्यातून नुसतं काढून नेलं होतं, परत काही घातलं नव्हतं. त्यामुळे पाणी दिलं की वर तळं साचायचं आणि ऊन पडलं की भेगा. कुदळ मारली तर ठणकन आवाज यायचा. असा आवाज आम्हा लोखंडाचा असतो, मातीचा नसतो.

एके दिवशी थोरल्याने सांगून टाकलं, "ती जमीन मी वीटवाल्याला देतोय. वरची माती तो काढून नेईल. तिथे पिकत तर काही नाही, निदान घरावर नवं छप्पर तरी येईल."

"भाऊजी, माती गेली की खाली राहिला खड्डा," सूनबाई म्हणाली. "त्यात मी काय लावू, बेडूक?"

म्हातारी फिस्सकन हसली. थोरला हसला नाही. "मी शब्द दिलाय. सध्या तो जिथून माती काढतोय ती जागा संपली की तो येणार."

"कधी संपेल?"

"ते त्याला माहीत. वर्षाने, दोन वर्षांनी."

"मग तो येईपर्यंत ती माती माझ्याकडे. चालेल?"

"खुशाल," थोरला म्हणाला आणि मशीनवर जाऊन बसला.

सूनबाईचे वडील एका मोठ्या बागेत माळी होते. त्यांच्या हाताखाली तिने खत कसं करतात ते पाहिलं होतं. ती तडक खुराड्याशी आली, मला उपसून काढलं आणि माझ्या जागी लाकडाची खुंटी ठोकली. कोंबड्यांना काही फरक पडला नाही.

मग तिने हातगाडी घेऊन बाजार पालथा घातला. भाजीवाल्यांचा टाकाऊ पाला, रसवाल्याची सालं, चहावाल्याचा चोथा, जे मिळेल ते आणलं आणि शेताच्या कोपऱ्यात रचलं. सगळंच ओलं. आठवडाभरात तो ढीग असा काही घमघमला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"अगं, मेलंय काय त्यात?" म्हातारीने नाकाला फडकं लावून विचारलं.

सूनबाई दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेली. तिथला लाकडाचा भुसा आणला, रस्त्याकडेचा वाळका पाला आणला आणि ओल्याचा एक थर, सुक्याचा एक थर असा ढीग नव्याने लावला. वास पळाला. ढीग तापू लागला आणि माझं काम सुरू झालं.

काम सोपं होतं. मला ढिगाच्या पोटात खुपसायचं, जरा वेळ राहू द्यायचं, मग उपसून मुठीत धरायचं. चटका बसून हात मागे आला, तर पाला कुजवणारे आतले बारीक जीव जोरात कामाला लागलेत. कोमट लागले, तर ढीग खालीवर करायचा. खालीवर करूनही गारच राहिले, तर खत तयार झालं आणि आता ते रोपांना घालायला हरकत नाही. मला फक्त गरम आणि गार एवढंच कळतं. पण ते मला कधी चुकत नाही.

चुकला तो धाकटा, आणि तोही भल्या मनाने. शेतात नुकतीच वांग्याची रोपं लावली होती. ती जीव धरत होती, आणि सूनबाईला बहिणीच्या आजारपणात तिकडे जावं लागलं. जाताना तिने नवऱ्याला बजावलं, "अहो, सळई गार लागली की मगच खत घाला. त्याआधी हात लावू नका."

"कळलं, कळलं," तो म्हणाला.

त्याने मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या अंगातून वाफ निघत होती. पण तो माणूस रोज भट्टीतून तापलेले पत्रे उचलायचा. त्याच्या तळहाताची कातडी चपलेच्या तळासारखी झालेली. त्याने मला घट्ट धरलं आणि खुशीत म्हणाला, "वा! थंडगार!"

मला वाचा असती तर मी किंचाळले असते. वाचा नव्हती. त्याने सुट्टीचा सगळा दिवस राबून प्रत्येक रोपाच्या बुडाशी ते कच्चं, तापलेलं खत घातलं. बायको आल्यावर खूश होईल म्हणून बिचारा शीळही घालत होता.

ती आली तेव्हा रोपांनी माना टाकल्या होत्या. तिने रोपांकडे पाहिलं, मला ढिगातून उपसलं आणि चटका बसताच हात झटकला. मग तिने नवऱ्याचा हात धरून उताणा केला आणि त्या तळव्यावर बोट फिरवलं.

"अहो, तुम्हाला बेकरीत कधी भाजत नाही?"

"सुरुवातीला भाजायचं. आता काही जाणवत नाही," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला.

सूनबाईला रडू कोसळलं. रोपांसाठी की त्या हातासाठी, ते मला सांगता येणार नाही.

"झालं समाधान?" थोरला दारातून म्हणाला. "वीटवाला आला की सुटू एकदाचे."

त्या संध्याकाळी म्हातारी काठी टेकत ढिगाशी आली. "इकडे आण ती सळई," ती सुनेला म्हणाली. "दोन पोरांचे ताप काढलेत मी. तुमच्या हातांचा भरवसा नाही." तिने मला फडक्याने पुसलं आणि सरळ गालाला लावलं. जरा वेळ डोळे मिटून उभी राहिली. "अजून कणकण आहे. राहू दे."

तेव्हापासून म्हातारीच्या गालाने 'बरं झालं' म्हटल्याशिवाय त्या घरात खताला कुणी हात लावला नाही. मला तो गाल आवडायचा. लोखंडाने असं बोलू नये, पण आवडायचा.

वीटवाल्याची आधीची जागा लवकर संपली नाही. ढिगामागून ढीग झाले. शेजारीपाजारी आपणहून सालं आणून टाकू लागले. काही शहाणे त्यात प्लास्टिकच्या पिशव्याही टाकायचे, आणि त्या वेचता वेचता सूनबाई त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. माती काळसर झाली, गांडुळं आली, पाणी साचेनासं झालं. वांगी धरली, मिरची धरली. थोरलाही ती मुकाट खायचा. माझं कौतुक झालं नाही असं नाही, पण कामाच्या घाईत मला पुसायचं राहू लागलं. अंगावर गंज चढला.

आणि एका सकाळी वीटवाला दोन माणसं घेऊन दारात उभा राहिला.

"भाऊजी, आता तरी नाही म्हणा," सूनबाई म्हणाली. "तुम्ही बघताय ना शेत."

थोरल्याला तिच्याकडे पाहवेना. "बघतोय. पण शब्द गेलाय माझा. मी कोणत्या तोंडाने तो मागे घेऊ?"

धाकटा कुंपणाशी नुसता उभा होता. म्हातारी ओट्यावर बसून राहिली.

वीटवाल्याने माती किती खोल आहे ते बघायला हाताला लागले म्हणून मलाच उचललं आणि शेताच्या मधोमध रोवलं. त्याने बेताचाच जोर लावला होता. मी अर्ध्याहून जास्त आत गेले. तोल जाऊन तो पडता पडता वाचला. मग त्याने खणून माती काढली, पाणी शिंपडून मळली, गोळा केला. गोळा धरेना. पुन्हा केला, पुन्हा विस्कटला.

"यात घातलंय काय तुम्ही?" त्याने विचारलं.

"सालं, पाला, भुसा," सूनबाई म्हणाली.

"तरीच. भट्टीत घातली की आतलं सगळं जळून जाईल. पोकळ वीट निघेल, हातात घेतली की भुगा." त्याने हात झटकले आणि थोरल्याकडे वळला. "माझ्या कामाची नाही राहिली ही माती. तुमचा शब्द सुटला, दादा. राग मानू नका."

"नाही, राग कसला," थोरला म्हणाला आणि बांधावर मटकन बसला. माणसं गेल्यावर म्हणाला, "छप्पर गळतंय ते आता गळणारच म्हणायचं."

"गळू दे रे," म्हातारी म्हणाली. "बादल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी थोरला दुकानातून कपड्यांच्या चिंध्यांचं पोतं घेऊन आला. "यांचं काही होतं का बघ," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

"सुती आहेत ना?"

"मग काय नायलॉन आणीन मी? एवढं कळतं मला."

त्याने स्वतःच ढिगात खड्डा केला, चिंध्या आत दाबल्या आणि वर भुसा पसरला. सूनबाईने डोळे पुसून फावडं त्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, मी सळई आहे, मला गोड बोलणं जमत नाही. मातीतून जे आणून खाता, त्याची सालं तरी तिला परत करा. प्लास्टिक तेवढं वगळा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं अवजार असेल, तर काम झाल्यावर ते पुसून, तेलाचं बोट फिरवून कोरड्या जागी ठेवा. साल मातीत राहिली तर तिची माती होते. मी राहिले तर माझा नुसता गंज होतो.