गाठोड्याच्या पोटात

दवाखान्याच्या तळघरात दोघी जावा कामाला होत्या. वर माणसं कापली जात, शिवली जात. त्यासाठीच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या खाली या दोघी धूत, हिरव्या कापडाच्या गाठोड्यात बांधत आणि वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करत. थोरलीला तिथं तीस वर्षं झाली होती. धाकटीला तिनंच हाताला धरून आणलं, दोन वर्षांपूर्वी, धाकटीचा नवरा गेल्यावर. उपकार बोलून दाखवायची थोरलीची रीत नव्हती, म्हणून तर ते धाकटीला जास्त जड होत.

त्या सकाळी धाकटी आली तेव्हा थोरली सात गाठोडी ढकलगाडीवर रचत होती. नऊ वाजता एका बाईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं.

"मघाशी वीज गेली गं," थोरली म्हणाली, "पण तोवर आपलं झालं होतं."

धाकटीनं यंत्रावरचा कागद पाहिला. उष्णतेची रेघ वर चढली होती आणि चढल्या पावली उतरली होती. वर पोचल्यावर ती बराच वेळ सरळ चालायला हवी.

"ताई, यांना पुरता वेळ मिळाला नाही हो."

"रेघ ओढणारं ते पेन म्हातारं झालंय माझ्यासारखं, त्याचं काय धरून बसतेस? पट्टी बघ की!" प्रत्येक गाठोड्यावर चिकटवलेल्या पट्टीवरच्या रेघा काळ्याभोर झाल्या होत्या. "पुरती वाफ लागली की पट्टी काळी होते. पट्टी काळी झालीय. म्हणजे वाफ लागली. संपलं!"

"पुरती लागली की काळी होते, खरं आहे. पण अर्धी लागूनही होत असली तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" थोरली हसली. "माझा दीर बिचारा तुझ्यापुढे कधी जिंकला नाही."

धाकटीला हसू आलं नाही. बोलावं तर ज्या हातानं सावरलं त्याच हाताला चावल्यासारखं. गप्प बसावं तर वर एक बाई उपाशीपोटी, छताकडे बघत पडलेली.

"ताई, भुकेलं बाळ रडतं ना?"

"रडतं."

"मग रडणारं प्रत्येक बाळ भुकेलंच असतं का?"

गाडीवरचा थोरलीचा हात थांबला. तिच्या मधल्या मुलाचा तान्हेपणी कान फुटला होता. दोन दिवस तो रडत होता आणि ती त्याला पाजत होती. अजून त्याला हाक मारायची तर डाव्या बाजूला जाऊन मारावी लागे. धाकटीला हे आठवलं ते बोलून झाल्यावर. शब्द परत गिळता आले असते तर तिनं गिळले असते.



"मग कळावं कसं?" थोरलीनं हळूच विचारलं.

"आतली पट्टी." गाठोड्याच्या पोटातही एक पट्टी ठेवायची, असा नियम महिन्याभरापूर्वीच आला होता, वर गाठोडी सोडणाऱ्यांना ती बघायची सवय अजून लागली नव्हती. "ती अर्ध्या वाफेला भुलत नाही. पुरती लागली असेल तर तिचा रंग बदललाच पाहिजे. बदलला नसेल, तर लागली नाही. इथं पळवाट नाही, ताई."

पण ती बघायची तर गाठोडं सोडायचं, आणि सोडलेलं गाठोडं वाया. थोरलीनं स्वतःच गाठ सोडली.

आतली पट्टी कोरी होती.

थोरली स्टुलावर बसली. "तीस वर्षं मी बाहेरची पट्टी बघून गाठोडी वर पाठवली. वीज काय आजच गेली का गं? किती जणांना मी..."

धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली. "आजचं चुकलं म्हणून मागचं सगळं चुकलं, असं ठरत नाही."

"मग बरोबर होतं म्हणतेस?"

गोड बोलणं धाकटीच्या ओठावर आलं होतं. तिनं जावेचे गरम पाण्यानं सोलवटलेले हात हातात घेतले.

"तेही ठरत नाही, ताई."

थोरलीनं हात सोडवून घेतले नाहीत. थोड्या वेळानं उठून तिनं फोन उचलला.

"सिस्टर, खालून बोलतेय. नऊचं थांबवा. गाठोडी कच्ची आहेत. नाही, यंत्राची नाही. चूक माझी." पलीकडचा चढलेला आवाज खोलीभर ऐकू येत होता. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला आणि फोन ठेवला.

"वही घे," ती म्हणाली. "वीज गेली ते दिवस, मला आठवतात तेवढे, सांगते. तू लिही. वर नेऊन देऊ, त्या त्या दिवशीचे पेशंट शोधू देत त्यांना."

पहिला दिवस सांगायला तिला आठवावं लागलं नाही; तो कधीपासून मनात सलतच होता.