उरलेलं पाणी

यशोधराने बादलीत उरलेलं पाणी तांब्याने मोजत दुसऱ्या बादलीत ओतलं. बारा तांबे. तांब्या एक लिटरचा होता, बादली अठरा लिटरची. न्हाणीत याशिवाय साबणाची एक वडी होती, एक खुंटी, आणि दाराच्या आतल्या बाजूला स्क्रूची चार रिकामी भोकं. कालही तिने मोजलं होतं, परवाही. बाराच भरले होते.

बाहेर ओट्यावर रत्नाआत्या उन्हात केस विंचरत होती. केस मानेपर्यंतच होते. दवाखान्यात सगळ्यांचे तेवढेच ठेवत. फणी मात्र केस संपल्यावरही पाठीपर्यंत खाली येत होती.

"पाणी कसं वापरावं ते रत्नाकडनं शिका," आई भांडी घासता घासता म्हणाली. "नऊ वर्सं भाईर ऱ्हायली, पण पठार इसरली न्हाई."

पठारावरच्या त्यांच्या आणे गावात मार्चपासून टँकर सुरू झाला होता, तेव्हा हे कौतुक मनापासूनचं होतं. आत्याने मान खाली घातली.

नऊ वर्षांपैकी शेवटची चार ती बरी होती. मनोरुग्णालयातून दोनदा निरोप आला, तिला घेऊन जा म्हणून. भागुजी, तिचा भाऊ, गेला नव्हता. या वर्षी त्याची मुलगी यशोधरा अवसरीच्या कॉलेजातून परस्पर आत्याला भेटून आली आणि मग त्याला जावंच लागलं. आत्या यायच्या आदल्या दिवशी त्याने न्हाणीची आतली कडी काढून टाकली. आता आत्या आत असेपर्यंत आई दाराला पाठ लावून उभी राही आणि अधूनमधून "रत्ना" अशी हाक मारी. आतून आत्या म्हणे, "हजर."

यशोधराने पिशवीतून पितळी कडी काढून भागुजीपुढे ठेवली. जुन्नरच्या बाजारातून आणली होती.

"ही कशापायी?"

"न्हाणीला. आतून लावायला."

"न्हाई."

"पप्पा, दवाखान्यातसुद्धा आडोसा द्यावा लागतो, तसा कायदाच आहे. मग आपल्या घरात नको?"

"कायदा येणार हाय का दार फोडायला? मी फोडलंय. ह्याच खांद्यानं." त्याने उजवा खांदा चाचपला. "नऊ वर्सांमागं ही सकाळधरनं आत व्हती. हाका मारून मारून घसा बसला माझा. आवाज न्हाई, काय न्हाई."

आत्याची फणी थांबली.

"दादा, मला ऐकू येत व्हतं तवा," ती म्हणाली. "निस्तं बोलवत नव्हतं."

भागुजीने तिच्याकडे पाहिलं नाही. मग यशोधरा आत्याजवळ जाऊन बसली.

"आत्या, तू रोज बारा लिटर पाणी ठेवतेस."

"कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय गं तुला? दुसऱ्याच्या अंघोळीचं पाणी मोजायला?"

यशोधरा हसली. आत्याही हसली.

"तितं तिघींत एक बादली असायची," आत्या म्हणाली. "मी, सारजाबाई आन भागू म्हणून एक बाई. दार न्हाई, काय न्हाई, समोर बाई उभी. सहा तांबं झालं की बाजूला व्हायचं. भागू लई भांडखोर. सातवा घेतला की फाडकन हातावर मारायची." तिने आपल्याच मनगटावर हलकी चापट मारली. "पुढं पुढं तिचा हात उठत नव्हता. तरी मी सहाच घ्यायची."

"त्या दोघी कुठे आहेत आता?"

"सारजाबाई तितंच हाय. तिला न्यायला कोण आलं न्हाई. भागू दिवाळीतच वारली."

आईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिने पाण्याच्या हंड्याकडे हात नेला, मग नुसताच पदराला पुसला.

भागुजी उठला. घरातून स्क्रूड्रायव्हर आणि काड्यापेटी घेऊन आला. भोकं सैल झाली होती. त्याने काड्या मोडून त्यांत ठोकल्या आणि स्क्रू पिळायला लागला. चौथा स्क्रू बराच वेळ त्याच्या मुठीत होता. मग त्याने तोही पिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या न्हाणीत गेली. आई सवयीने दाराकडे निघाली, तिला भागुजीने हातानेच थांबवलं. आत कडी लागली. उघडली. पुन्हा लागली. मग पाण्याचा आवाज आला आणि लवकरच थांबला.

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

भागुजी दारापाशी गेला. हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तळहात दारावर टेकवला, काढला. वाटेवर टँकरचा हॉर्न वाजला.

"भागुजीभाऊ, पाणी आलं राव!" शेजारचा गोकुळ कुंपणावरून ओरडला. "आज काय अंघोळीची गोळी घेतली काय?"

भागुजी दारासमोर जमिनीवर बसला होता. आई एकटीच हंडे घेऊन गेली. ती एक खेप करून आली तरी तो तिथेच होता, उजवा खांदा डाव्या हाताने घट्ट धरून.

कडी वाजली. आत्या बाहेर आली. केसांतून पाणी गळत होतं.

"लई येळ लावला का, दादा?"

"न्हाई."

"काय करत नव्हती. बसली व्हती निस्ती. दार लावून."

"बसावं की," भागुजी म्हणाला. उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आत्या फणी घेऊन ओट्यावर गेली. यशोधरा न्हाणीत शिरली. साबणाची वडी ओली होती. कडी जागच्या जागी घट्ट होती. तिने रिकामी बादली ओढली, तांब्या घेतला आणि पाणी मोजून ओतलं.

बारा तांबे भरले.