पाण्यापासून दहा पावलं

गुडघे गेल्यापासून आमची ओबदुलिया आत्या वाळूत फार चालत नाही. खुर्ची पाण्यापासून दहा पावलांवर असेल तर ती समुद्रात उतरते. बारावर असेल तर नुसती बघत बसते. समुद्रापासून लांब, स्पेनच्या आतल्या अल्बासेते शहरात अकरा महिने धूळ खाल्ल्यावर ऑगस्टमधलं हे अंग बुडवणं, एवढंच तिचं मागणं. म्हणून पहाटे सहाला पहिल्या रांगेत तिची खुर्ची नि छत्री रोवून येणं हे माझं काम. इथं प्रत्येक घरातून असा एक पुरुष येतो. आम्ही एकमेकांना मान डोलावतो, हद्द नजरेनं मोजतो आणि परत जाऊन झोपतो.

आमचा फ्लॅट विकत घेतला तेव्हा तो समुद्रासमोर होता. मग मध्ये टॉवरांच्या चार रांगा आल्या. आता समुद्र फक्त न्हाणीघरातून दिसतो, तोही कमोडवर उभं राहिलं तर. चारनंतर त्याच टॉवरांची सावली किनाऱ्यावर पडते, आणि माणसं उन्हाळ्यात स्वेटर शोधतात. याला विकास म्हणतात. त्याचं उद्‌घाटनही झालेलं आहे.

यंदा पालिकेनं फलक लावला : बेवारस खुर्च्या उचलल्या जातील. मी तो वाचला होता. सगळ्यांनीच वाचला होता, आणि तो इतरांसाठी आहे असं प्रत्येकाला वाटलं होतं.

साडेआठला आत्याला घेऊन पोचलो, तर पालिकेचा पोलीस हिनेस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शेवटच्या खुर्च्या फेकत होता. आत्याची उंच पायांची लाकडी खुर्ची ढिगाच्या तळाशी.

"ती आमची आहे," मी म्हणालो.

"बेवारस होती."

"आता वारस आलेत."

"उशिरा आलेत. सोमवारी गोदामात अर्ज घेऊन या."

"आम्ही रविवारी परत जातोय."

"मग पुढच्या वर्षी या."

शेजारी ठेकेदाराच्या भाड्याच्या निळ्या आरामखुर्च्या थेट पाण्यापर्यंत मांडलेल्या होत्या. सहा रांगा. माणूस एक नाही.

"आणि ह्यांच्यावर कोण बसलंय?"

"ती सेवा आहे."

"आणि आमची?"

"अडथळा."

तो हे अगदी सभ्यपणे म्हणाला. मला तेच जास्त लागलं.

ट्रॅक्टरच्या चाकाखाली वाळू दबून घट्ट झाली होती. माझा दंड धरून आत्या त्याच चाकोरीतून पाण्यापर्यंत गेली आणि घरच्या झग्यासकट लाटांत बसली. कमरेपर्यंत पाणी आलं.

"आत्या, उठणार कशी?"

"खुर्ची आली की."

हिनेस बूट सांभाळत कडेला आला. "आजी, उठा बघू."

"उठता येत नाही रे बाळा. खाली बसले की वर यायला मला उंच खुर्ची लागते. तुझ्या गाडीत आहे ती."

"मी हात देतो ना."

"हा खांदा मागच्या वर्षी निखळलाय. तुझ्या हातात आला तर त्याचाही अर्ज करायचा का आम्ही?"

बघे जमले. कुणीतरी आत्याच्या डोक्यावर छत्री धरली, कुणी कलिंगडाची फोड दिली. हिनेसनं वायरलेसवर वरिष्ठांना विचारलं. नियम वाळूपुरता आहे, असं उत्तर आलं. पाण्यातलं माद्रिदचं, म्हणजे केंद्र सरकारचं खातं बघतं. माद्रिदचं खातं ऑगस्टमध्ये फोन उचलत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. तेवढ्यात आणखी दोन म्हाताऱ्या आत्याशेजारी येऊन बसल्या. त्यांचेही गुडघे गेलेले होते, किंवा तसं त्या म्हणाल्या.

शेवटी हिनेस ट्रॉलीवर चढला. तळातली खुर्ची काढायची तर वरच्या सगळ्या खाली ठेवणं आलं. तो एकेक खाली ठेवत गेला आणि ज्याची त्यानं उचलून नेली. कुणी आभार मानले नाहीत.

आत्याची खुर्ची पाण्यात आली. तिच्या दांड्याला धरून आत्या उठली, तिच्यावरच बसली आणि पाय लांब सोडले.

"उद्या परत उचलणार आहे मी, आजी."

"उचल," आत्या म्हणाली. "मी उद्या परत बसेन."