पातळ दूध

माझं दूध पातळ आहे, हे सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. एरोनिल्देस त्यांचं नाव. बाळंतपणाला म्हणून गावाकडून इकडे ब्राझिलियाला आल्या आणि आल्या त्या आठवड्यातच माझं दूध कपात काढायला लावून खिडकीपाशी उजेडात धरलं.

"बघ, निळसर पाणी! यावर माझी नात जगायची? म्हणूनच रडते ती."

लगेच डब्याचं दूध आणलं. नवरा, वाल्देसी, मान खाली घालून म्हणाला, "आईनं पाच पोरं वाढवलीत, ऐक ना जरा."

"हात लावून दाखवा त्या डब्याला!" मी म्हटलं. सुरुवातीचं दूध पातळच असतं, दाट मागाहून उतरतं, हे दवाखान्यात सांगितलं होतं. पण घरात ऐकतंय कोण? माझी लेक माईआरा दीड महिन्याची, अंग छान भरत होतं, आणि माझी छाती तर भरून ठणकायची. मीही हट्टाला पेटले. कॉफीच्या काचेच्या बरण्या उकळून घेतल्या, जास्तीचं दूध त्यांत काढून गोठवलं आणि हॉस्पिटलच्या दूधपेढीला फोन केला.

"बर्फाचा धंदा काढलायस का?" सासूबाई म्हणाल्या.

एका दुपारी मी न्हाणीघरातून बाहेर येते तो सासूबाई बाटली भरून माईआराच्या ओठांशी नेतायत. मी झेप घेणार, तेवढ्यात दारात आगीच्या बंबाची घंटा वाजली. इथे ब्राझिलियात आयांचं दूध न्यायला बंबवालेच येतात, पण सासूबाईंना काय ठाऊक!

"अगं बाई, आग कुठे लागली?" बाटली हातात घेऊनच त्या धावल्या, माईआराला उचलून मी मागोमाग. गल्ली गोळा झाली.

गणवेशातली एक बंबवाली, इवोनेते, थंड पेटी घेऊन उतरली. "आग नाही, मावशी. तुमच्या सुनेचं दूध न्यायला आले. हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांची पोरं आहेत, मुठीएवढी. त्यांना देतात."

"हिचं? ते पाणी?"

"त्या पाण्यावर पोरं जगतात, मावशी."

"ऐकलंत सगळ्यांनी?" मी ओरडलेच. "ठेवा ती बाटली, सासूबाई. माझी पोर माझंच पिणार!"

आता भडका उडणार, असं वाटलं. पण त्या पायरीवर मटकन बसल्या.

"माझ्या सासूनंही असंच उजेडात धरलं होतं," त्या म्हणाल्या. "पाचही वेळा. म्हणजे माझंही चांगलंच होतं?"

इवोनेतेनं होकारार्थी मान डोलावली. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्याशेजारी बसले आणि तिथेच, भर गल्लीत, माईआराला पाजायला घेतलं. समोरचा म्हातारा टक लावून बघू लागला.

सासूबाई त्याच्यावर खेकसल्या, "काय बघतोस रे? जेवतेय ती!"