अकरा वर्षांची उडी

कॉलेजात त्यांना 'भिंग सर' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, मनातून आवडायचंही. कोणी एखादा मजकूर सलग वाचून काढला की सरांच्या कपाळावर आठी पडायची. "वाचलंस, की नुसती नजर फिरवलीस?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एका तासाला एक परिच्छेद, हा त्यांचा वेग. शब्दाचा कीस पाडावा तो भिंग सरांनीच. एकदा 'आणि' या शब्दावर त्यांनी ओळीने दोन तास घेतले होते. दुसऱ्या तासाला निम्माच वर्ग आला, ते त्यांनी मजकूर अवघड असल्याचं लक्षण मानलं.

अवघड मजकूर कसा वाचावा, हे शिकवायला त्यांनी एकच लेख निवडला होता. चार पानांचा. एका दिवंगत लेखकाचा, फारसा कोणी न वाचलेला. गेली अकरा वर्षं तोच लेख आणि त्याच झेरॉक्स प्रती. दरवर्षी नवा वर्ग यायचा आणि दरवर्षी दुसऱ्या पानाशी येऊन आपटायचा. कारण त्या लेखात एक उडी होती.

पहिल्या पानावर लेखकाला मोठ्या बहिणीचं पत्र येतं. पानाची शेवटची ओळ अशी: 'पत्र फोडलं आणि पाहिलं तर'. पुढचं पान सुरू होतं ते असं: 'शेजारणीनं किल्ली हातावर ठेवली.' मग कुलूप, रिकामी खोली, दोरीवर वाळत घातलेली साडी. त्या पानाची शेवटची ओळ, 'मी खोलीत उभा होतो आणि'. आणि त्याच्या पुढच्या पानावर, 'ताईनं लिहिलं होतं, हे तिसरं पत्र. दाराला कडी लावत नाही हल्ली. ये.'

आता सांगा, पत्र फोडल्यावर शेजारीण कुठून आली? दाराला कडी नाही तर कुलूप कसलं? सामान्य माणूस इथे डोकं खाजवेल. भिंग सर सामान्य नव्हते. त्यांनी सांगितलं की पत्र हीच किल्ली आहे. दार एकाच वेळी बंदही आहे आणि उघडंही आहे. बहीण मुळात नाहीच, ती लेखकाच्या मनाची एक खोली आहे. लेखकाने काळ मुद्दाम मोडला आहे आणि वाचकाने त्या मोडीवरून उडी मारायची आहे. या 'मधल्या उडी'वर सरांनी बावन्न पानांची पुस्तिका लिहिली. चार पानांच्या लेखावर बावन्न पानं, म्हणजे लेखकापेक्षा सरांनीच जास्त कष्ट घेतले. पुस्तिकेचं कौतुक झालं. ज्यांना ती कळली नाही त्यांनी जरा जास्तच केलं.

आणि अशा या सुरळीत चाललेल्या संसारात यंदा बाइंडरची मुलगी येऊन बसली.

ती शेवटच्या बाकावर बसायची. बोलायची कमी. तिचे वडील गावातल्या कॉलेजांची, कचेऱ्यांची पुस्तकं बांधायचे आणि संध्याकाळी ती त्यांच्या कामाला हातभार लावायची, म्हणून बोटांना कायम खळीचा वास. उडीच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "इथे लेखक आपल्याला काय करायला लावतोय?" पहिल्या बाकावरच्यांनी 'अनुपस्थिती', 'पोकळी' असे वजनदार शब्द भराभर टाकले. ते गेल्या वर्षीच्यांच्या वहीतून आले होते, पण सरांना ते दरवर्षी ताजेच वाटायचे. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, पानं उलटी लागलीत. दुसरं तिसऱ्याच्या जागी आहे."

वर्ग हसला. सरही हसले, मोठ्या मनाने. "अगं, मजकूर कळला नाही की दोष कागदाला देऊ नये. त्याच्याशी झुंजावं." ती खाली बसली. महिन्याभराने घरून लिहून आणायच्या टिपणात तिने तेच लिहिलं. सरांनी समासात शेरा मारला, 'विनोद बरा आहे.' मग परीक्षा आली. पेपरात एकच प्रश्न होता, पंचवीस गुणांचा. तिने उत्तराची सुरुवात केली, 'या लेखाचं दुसरं आणि तिसरं पान अदलाबदल झालं आहे.' सरांनी पहिल्या ओळीखाली लाल रेघ मारली, पानभर तिरकी काट मारली आणि भोपळा दिला.

एका भोपळ्याने पोरीचा अख्खा पेपर गेला. आणि तिची शिक्षिका व्हायच्या अभ्यासक्रमाला निवड झाली होती. शनिवारी दुपारी बारापर्यंत उत्तीर्ण झाल्याचं गुणपत्रक तिथे पोचलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती.

गुरुवारी सकाळी ती फेरतपासणीचा अर्ज घेऊन स्टाफरूममध्ये आली. सरांना त्या दिवशी मरायला फुरसत नव्हती. दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या कॉलेजांतून तीस शिक्षक त्यांची पद्धत बघायला यायचे होते. प्राचार्य मॅडमनी सभागृहाचे पंखेसुद्धा दुरुस्त करून घेतले होते, यावरून प्रसंगाची थोरवी समजावी.

"सर, पाचपर्यंत ऑफिसात द्यायचाय," मुलगी म्हणाली. "तुमचा शेरा आणि माझी सही, दोन्ही लागतात."

"दुपारी ये," सर म्हणाले. "आणि येशील तेव्हा मूळ पुस्तकच तुझ्यापुढे ठेवतो. म्हणजे तुझ्या मनातली शंका कायमची जाईल."

ग्रंथपालाची जागा सहा वर्षं रिकामी होती, म्हणून लायब्ररी शिपाईकाका सांभाळत. वाचक कोणी येत नसल्यामुळे ती उत्तम सांभाळली जात होती. काकांनी शिडी लावून पुस्तक काढून दिलं. नवी कोरी बांधणी होती.

"गेल्या महिन्यातच बाइंडरकडून आलंय," काका म्हणाले. "पार सुटं झालं होतं बघा."

सरांनी उभ्याउभ्याच लेख काढला. पहिल्या पानाचा शेवट, 'पत्र फोडलं आणि पाहिलं तर'. पान उलटलं. 'ताईनं लिहिलं होतं, हे तिसरं पत्र.' त्यांनी पान परत मागे उलटलं, पुन्हा पुढे उलटलं. वरच्या कोपऱ्यातले आकडे पाहिले. एकापुढे एक, शहाण्यासारखे उभे होते. दुसऱ्या पानाचा शेवट, 'उतरलो तेव्हा उन्हं कलली होती आणि दारापाशी'. आणि तिसऱ्याची सुरुवात, 'शेजारणीनं किल्ली हातावर ठेवली.'

उडी नव्हती. साधा, सरळ रस्ता होता.

"त्या बाइंडरने चुकीचं बांधलं असणार," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"आकडे बरोबर आहेत की," काका डोकावून म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "तुमची ती झेरॉक्स मात्र माझ्या हातून पडली होती हं. पहिल्या वर्षी. जिन्यात चारही पानांचे गठ्ठे विखुरले, ते मी अंदाजाने लावून टाचले. तुम्ही अक्षर मोठं करून मागितलं होतंत, त्यात वरचे आकडे कापले गेलेले. मी म्हटलं, सर, एकदा बघून घ्या, क्रम चुकला असेल. तुम्ही म्हणालात, बघायला वेळ कोणाला आहे, तास सुरू झाला."

सरांनी पुस्तक मिटलं. लेख त्यांनी आधी कधी पुस्तकातून वाचलाच नव्हता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने 'फार अवघड आहे हो' म्हटलं, एवढ्यावर त्यांनी तो निवडला होता, आणि पहिल्यांदा वाचला तो वर्गात, त्या झेरॉक्सवरूनच. अवघड आहे हे आधीच कळलं होतं, त्यामुळे न कळल्याचं नवल वाटलं नव्हतं.

पुस्तक बगलेत मारून ते स्टाफरूमकडे निघाले. जिन्याच्या वळणावर त्यांना तो जिना प्रथमच नीट दिसला. लाज वाटली. पण लाजेच्या मागोमाग तीस शिक्षक आठवले, पुस्तिका आठवली, दुरुस्त झालेले पंखे आठवले, आणि माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं. वाट काढली. अर्जावर त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'गुणांच्या बेरजेत चूक झाली होती. सुधारित गुण: अठरा.' पोरीची जागा वाचली, उडीही वाचली. आता कोणाचंच काही बिघडत नव्हतं. सरांना आपण उदार आहोत असंही वाटून गेलं.

साडेतीनला मुलगी आली. सरांनी अर्ज पुढे सरकवला. "कर सही. अठरा दिलेत."

तिने अर्ज उचलला आणि वाचू लागली. वरपासून. कॉलेजच्या नावापासून. मग शेऱ्याशी थांबली आणि तो पुन्हा वाचला. सरांनी घड्याळ पाहिलं.

"अगं, कर ना सही. त्यात काय एवढं वाचायचंय?"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि त्यांना ते परत गिळावंसं वाटलं. अकरा वर्षांत त्यांनी ते कधी उच्चारलं नव्हतं.

"सर, बेरीज कशी चुकेल?" ती म्हणाली. "एकच प्रश्न होता. त्याला शून्य होतं."

"तुला गुण हवेत की कारण?"

"गुण हवेतच. परवापर्यंत हवेत. घरी बाबांनी दोनदा विचारलंय." तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "पण मी यावर सही केली तर मी पण खोटं वाचल्यासारखं होईल. मी तिकडे जाऊन हेच शिकवणार आहे ना? तुमच्यासारखं."

'तुमच्यासारखं' हा शब्द तिने टोमणा म्हणून वापरला नव्हता. म्हणून तो जास्त लागला.

"तुला आधीच माहीत होतं," सर म्हणाले. "पुस्तक तुमच्याच घरी बांधलं ना."

"ते नंतर आलं, सर. गेल्या महिन्यात. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पानं लावताना आम्ही ह्या पानाचा शेवटचा शब्द आणि त्या पानाचा पहिला शब्द वाचून बघतो. सवयच आहे. घरी कोणीही सांगेल." तिने अर्ज परत सरांपुढे ठेवला. "सर, माझं उत्तर वाचलंत का?"

सरांनी पुस्तक पाहिलं होतं, आकडे तपासले होते, अठरा गुणही देऊन टाकले होते. उत्तर मात्र पहिल्या ओळीच्या पुढे त्यांनी अजूनही वाचलं नव्हतं.

"बस," ते म्हणाले. कपाटातून उत्तरपत्रिका काढली, चष्मा पुसला आणि आपल्याच लाल काटेखालून एक एक शब्द उकरत वाचायला लागले. दोन पानं होती. अक्षर शाळकरी, भाषा साधी. 'पानं नीट लावली तर गोष्ट अशी आहे,' तिने लिहिलं होतं. 'बहीण आजारी आहे. ती भावाला तीनदा बोलावते. तो प्रत्येक वेळी पुढच्या महिन्यात येतो म्हणतो. ती दाराला कडी लावत नाही, कारण तो आला तर तिला उठून उघडता येणार नाही. तो येतो तेव्हा दाराला कुलूप असतं. मला हा लेख अवघड वाटला नाही. आपण ऐकलं नाही हे लिहायला त्या माणसाला किती जड गेलं असेल, तेवढंच अवघड आहे.'

कडी. अकरा वर्षं त्यांनी त्या कडीवर बोलून बोलून वर्गाला जांभया आणल्या होत्या. कडी म्हणजे भाषेची सीमा, कडी म्हणजे अर्थाचा नकार. आजारी बाईला अंथरुणातून उठवत नसेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची चीड आली, आणि त्या कागदावरच्या बाईबद्दल इतकं वाईट वाटलं की त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

आणि समोर बसलेल्या या पोरीनेही तीनदाच सांगितलं होतं. वर्गात, टिपणात, पेपरात.

त्यांनी अर्जावरचा शेरा खोडला. त्याच्या खाली सावकाश लिहिलं, 'विद्यार्थिनीचं उत्तर मी वाचलं नव्हतं. आज वाचलं. बावीस गुण.' अर्ज तिच्याकडे दिला. तिने तोही वरपासून वाचला, सही केली आणि पाचच्या आत ऑफिसात नेऊन दिला.

शुक्रवारी तीस शिक्षक वह्या उघडून बसले. पंखे सुरेख फिरत होते. प्राचार्य मॅडमनी सरांना बराच वेळ हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मग माइक त्यांच्या हातात दिला. शेवटच्या रांगेत बाइंडरची मुलगी बसली होती. सकाळीच तिने नव्या प्रती लावून दिल्या होत्या.

सरांनी पद्धत सांगितली नाही. लेख नुसता वाचला, पहिल्या पानापासून चौथ्यापर्यंत. 'आणि दारापाशी शेजारणीनं किल्ली हातावर ठेवली' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग त्यांनी पडलेला गठ्ठा सांगितला, जिना सांगितला, अकरा वर्षं सांगितली आणि आपली पुस्तिका रद्द समजा म्हणाले. मॅडमचा चेहरा उतरला. तीस जणांनी मात्र मान डोलावत सगळं उतरवून घेतलं. एकाने 'जिना' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. आज ना उद्या त्यावरही पुस्तिका निघेल, यात शंका नाही.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. त्या लांबून आल्या होत्या आणि त्यांची निराशा लपत नव्हती.

"पण सर, या लेखातून आम्ही विद्यार्थ्यांना नेमकं काय शिकवायचं? यात तर काहीच दडलेलं नाही."

"नाही," भिंग सर शेवटच्या रांगेकडे पाहत म्हणाले. "तिने बोलावलं होतं आणि तो वेळेवर गेला नाही. एवढंच आहे."