माझं तोंड फिरवलं तो शनिवार

मी वाचनालयाचा स्पीकर बोलतोय. लाकडी पेटीतला, जुना, पण आवाज अजून खणखणीत. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते विचारू नका. माझं खरं आयुष्य नाशिकच्या या सभागृहात सुरू झालं.

इथे दर शनिवारी संध्याकाळी कुसाबाई पुस्तक वाचतात. त्यांना शाळा कुणी दाखवली नाही. आपलं आपण वाचायला शिकल्या, म्हणून कुणाला घाबरत नाहीत. त्या वाचायच्या, मी ते मागच्या रांगेपर्यंत पोचवायचो आणि तिकडून हुंकार यायचा, "हं." तो आला की पुढचं वाक्य.

मग माणसं पांगली. यशोदाबाई मुलाकडे निफाडला गेल्या. देवळालीच्या देवरामांना गुडघे घराबाहेर पडू देईनात. कुणी लग्न होऊन मालेगावला गेली. खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या, तसे चिटणीस जयरामभाऊ म्हणाले, वाचन बंद करू, इथे स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी अभ्यासिका काढू. ग्रंथपाल तेजलने एक शनिवार मागून घेतला. लांबची माणसं लॅपटॉपवर जमवून दाखवते म्हणाली. नाही जमलं तर सोमवारी टेबलं येतील, असं भाऊंनी बजावलं.

माणसं लॅपटॉपवर जमली. पण गोंगाट नको म्हणून तेजलने सगळ्यांचे आवाज बंद केले आणि मला कोपऱ्यात सरकवलं. दोन जावा मिळून विहीर खणतात, अशी गोष्ट होती. कुसाबाईंनी एक पान वाचलं, दुसरं अर्धं वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"आजी, सगळे ऐकतायत," तेजल म्हणाली.

"मला कसं कळावं? भिंतीला वाचून दाखवायला मी वेडी नाय. उघड त्यांची तोंडं."

जयरामभाऊ दारातच उभे होते. मला वाटलं, संपलं. पण तेजलने मला ओढून लॅपटॉपला जोडलं आणि माझं तोंड कुसाबाईंकडे केलं. इतकी वर्षं मी त्यांना पाठमोराच होतो.

आधी मी कर्कश किंचाळलो. तेजलने माइक लांब ठेवला. मग माझ्यातून निफाडच्या कुकरची शिट्टी आली, पाठोपाठ देवळालीच्या लष्करी सरावाच्या तोफा.

"यशोदे, तुझी डाळ शिजू दे, थांबते मी," कुसाबाई म्हणाल्या. "आणि देवराम, तुमची लढाई आटपली की सांगा."

"आटपली. वाचा तुम्ही."

त्यांनी वाचलं. वाक्य संपलं आणि तीन गावांचा हुंकार माझ्यातून पुढेमागे निघाला. बाईंचा आवाज चढला. मग त्या थांबल्याच नाहीत.

शेवटी पुस्तक मिटताना दारातून प्रश्न आला, "पाणी लागलं का विहिरीला?" विचारणारे जयरामभाऊ होते.

"पुढच्या शनिवारी या," कुसाबाई म्हणाल्या. "तुमच्या टेबलांवर बसून ऐका."

टेबलं आली, पण वाचनही चालू राहिलं. शनिवारी ती भिंतीला लावतात. माझा पडदा फाटलाय, चिकटपट्टीवर काम चाललंय, पण मी हटणार नाही. घरी बसून ऐकणाऱ्यांनो, आवाज उघडा ठेवा. कुकर, नातवंडं, भांडणं, सगळं येऊ द्या. गप्प राहायचं तर राहा, पण मग वाचन बंद पडलं म्हणून रडायला माझ्याकडे येऊ नका.