राया आजीचे पाणी आणि दोन किल्ल्या

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी किल्ली आहे. वीतभर लांब, तीन दातांची. ओमानच्या डोंगरातल्या आमच्या गावात पाटाचे पाणी सावली मोजून वाटतात. कोणाची पाळी कधी, हे लिहिलेली वही एका शिसवी पेटीत असे. पेटीला कुलपे दोन. मी पाटाच्या कारभाऱ्याकडे आणि माझी बहीण पाटकऱ्याकडे, कारण वहीतले नाव खोडायचे तर दोघांनी मिळूनच, अशी रीत होती. लोक आमचे कौतुक करत आणि मी फुशारून जाई!

पुढे वहीतली नावे आणि वेळा तेवढ्या संगणकात गेल्या. पेटी बंद झाली आणि मी कारभारी नासिर यांच्या कचेरीत कॉफीच्या किटलीमागे खिळ्याला लटकले. सात वर्षे मला कोणी हात लावला नाही. अंगावर गंज चढला. खरे सांगते, फार वाईट वाटे.

मग संगणकात एआय मदतनीस आला. काय त्याचा झपाटा! पाळ्या लावी, निरोप धाडी, दमणे ठाऊकच नाही. संगणकाचे काम बघणारी नासिर यांची मुलगी झुवैना मात्र म्हणाली, "बाबा, खोडायचा अधिकार त्याला नको."

"अगं, दर वेळी मलाच विचारत बसतो. देऊन टाक एकदाचा!" शेवटी तिने दिला.

एका सकाळी नासिर यांनी त्याला हुकूम सोडला, "यादी साफ कर." मदतनिसाला दिसले, राया बिन्त खलफान, मृत्यू ऐंशी वर्षांपूर्वी. मेलेल्या बाईला पाणी कशाला? नाव गेले! राखीव प्रत त्याला दुबार वाटली, तीही गेली. राया आजीने आपली पाळी मशिदीच्या खजुरांना दिली होती आणि त्याच खजुरांवर रमजानात सारे गाव रोजा सोडते. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून संगणकात कोणी लिहिलेच नव्हते.

दुपारी म्हातारे पाटकरी सुवैदकाका धापा टाकत आले. "नासिर, राया आजीची पाळी फोनवर दिसत नाही! शेजारचा बागवाला म्हणतो, ही वेळ माझी. झाडं वाळतील रे!"

नासिर यांनी नाव परत मागितले. "खोडलेले परत आणता येत नाही," मदतनिसाने अदबीने कळवले.

"पेटी!" झुवैना ओरडली. "जुनी वही पेटीत आहे!"

नासिर यांनी मला खिळ्यावरून ओढले. सुवैदकाकांनी कमरपट्ट्यातून बहिणीला काढले. सात वर्षांनी आमची भेट! ती झटकन फिरली, मी मात्र गंजाने अडकले.

"दिवसभर कॉफी ढोसतोस, किल्लीला थेंबभर तेल घालवत नाही तुला?" काका कडाडले.

तेल आले. खट्! मी फिरले! वहीत नाव होते, राया बिन्त खलफान, अर्धा तास, मशिदीच्या खजुरांना. वही पाटावर नेली. बागवाल्याने वाचले आणि तो बाजूला झाला. सावली खुणेच्या दगडाला टेकायच्या आत काकांनी फळी उचलली आणि पाणी खळाळत खजुरांकडे धावले.

"चूक मदतनिसाची नाही, माझी," नासिर म्हणाले.

त्याच दिवशी झुवैनाने मदतनिसाचा खोडायचा अधिकार काढला. आता तो फक्त विचारू शकतो. खोडायला एक पेनड्राइव्ह लागतो, आणि तो असतो आमच्या पेटीत! दर महिन्याला तो विचारतो, "राया बिन्त खलफान यांचे नाव काढू का?" नासिर आणि काका एका सुरात ओरडतात, "नाही!"

मित्रांनो, तुमच्या मदतनिसाला खुशाल सारी कामे सांगा. खोडायची किल्ली तेवढी आपल्या हाती ठेवा. आणि हो, तिला अधूनमधून तेल घालायला विसरू नका!